मनगट शांत ठेवणे

९ नोव्हेंबर, सकाळ.
गोल्फला वर्ष झालं. लांबचे शॉट जमतात. होलजवळ आलो की बिघडतं. चार पावलांवरून बॉल एकतर जागेवर राहतो, नाहीतर पलीकडच्या वाळूत. कोच संघपाल म्हणाला, सर, काठी बॉलला लागायच्या आधीच तुमचं उजवं मनगट हलतंय. पटलं. मी डोळ्यांचा सर्जन आहे, निदान ओळखतो. प्रश्न तंत्राचा आहे.
निश्चय: महिनाभरात मनगट शांत.

१२ नोव्हेंबर.
शास्त्र वाचून काढलं. छोट्या शॉटमध्ये बॉल आपण उचलायचा नसतो. क्लबचं, म्हणजे काठीचं, पातं तिरकं असतं, ते उचलतं. हात पुढे, पातं मागून. डावं मनगट सपाट. उजव्यानं मध्ये पडायचं नाही.
माझं पडतं. उत्साह जास्त आहे.

१६ नोव्हेंबर.
गच्चीवर सराव. एक कुंडी गेली. सुरेखा म्हणाली, अहो, तुमचा कप बशीवर वाजतो हल्ली. सांगितलं, सरावानं हात दमतो. म्हणाली, सराव आत्ताचा, कप दसऱ्यापासून वाजतोय.
बायका तारखा फार लक्षात ठेवतात.

२१ नोव्हेंबर.
सुदर्शन, माझा ज्युनिअर. म्हणाला, सर, आजची ऑपरेशन्स मी करतो, तुम्ही ओपीडी बघा. मागच्या आठवड्यातही म्हणाला होता. मुलाला महत्त्वाकांक्षा आहे. असावी. त्याला समजावलं, मायक्रोस्कोपखाली हात टेकलेला असतो, तिथं मनगटाचा संबंध नाही.  तो म्हणाला, माझा एक मित्र न्यूरॉलॉजिस्ट आहे, एकदा दाखवू या.
न्यूरॉलॉजिस्टला गोल्फ काय कळणार?

३० नोव्हेंबर.
पाचोडहून धाकटा भाऊ आला, सर्जेराव. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डावा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला, म्हणजे हा एकच. सुरेखा म्हणाली, सुदर्शनला करू द्या. सर्जेराव उसळला. वयनी, घरात डाक्टर असताना परक्याच्या हातात डोळा देऊ व्हय? गावात लोक तोंडात शेण घालतील.
बरोबर आहे. अर्ध्या पाचोडचे डोळे मी केले आहेत. १५ डिसेंबर ठरवली.
जेवताना त्यानं वडिलांचा विषय काढला. शेवटी बापूंच्या हातात घास राहत नव्हता, सर्जेराव भरवायचा. मी तेव्हा इथं हॉस्पिटल उभं करत होतो. म्हातारपण. दुसरं काय.

४ डिसेंबर.
ग्रिप हलकी केली. क्लब हातातून सुटला. ग्रिप घट्ट केली. थरथर खांद्यापर्यंत गेली. म्हणजे सत्य मध्ये कुठंतरी आहे. संघपालला तसं सांगितलं. तो म्हणाला, सर, थोडे दिवस विश्रांती घ्या.
शिकवायचा कंटाळा आलेला दिसतो.

१० डिसेंबर.
जमलं! बॉल जरासा उठला, दोन टप्पे, होलच्या कडेला थांबला. मनगट एकदम शांत. बाकीचे वाळूत गेले, ते धरायचे नसतात. एकदा जमलं म्हणजे हाताला कळलं.

१४ डिसेंबर.
सुरेखा जेवली नाही. म्हणाली, सख्ख्या भावाचा एकुलता डोळा आहे. म्हटलं, म्हणूनच मी करतोय.

१५ डिसेंबर, संध्याकाळ.
सुरुवात चांगली झाली. नंतर डोळ्यातली, भिंग बसवायची पातळ पिशवी फाटली. मोतीबिंदूचा तुकडा आत, मागं पडला. भिंग बसलं नाही. सुदर्शन शेजारी येऊन उभा राहिला. मी खुर्ची दिली. पुढचं त्यानं केलं.
टेबलावरून सर्जेरावनं विचारलं, दादा, म्या हललो का रं?
मी म्हणालो, थोडासा.

१९ डिसेंबर.
रेटिनाच्या डॉक्टरनं दुसरं ऑपरेशन केलं. नजर किती येईल ते सांगत नाही. गावाकडून माणसं भेटायला येतात. सर्जेराव प्रत्येकाला सांगतो, दादाचा हात लई हलका, पर म्याच हललो. माणसं मान डोलावतात. एकानं त्याला झापलं, तुला लहानपणापासून एका जागी बसवत नाय.
मलाही आता तसंच आठवतं. हलला होता.
सुदर्शन हल्ली माझ्याशी फक्त पेशंटबद्दल बोलतो.

२८ डिसेंबर.
सर्जेराव आमच्याकडेच आहे. पट्टी निघाली. खिडकी कुठं आहे ते कळतं, खिडकीत कोण आहे ते कळत नाही. रेटिनावाला म्हणाला, यापुढे फार आशा धरू नका. सर्जेराव म्हणाला, असू द्या, शेत पायाला ठावं हाय.
गच्चीवर गेलो नाही. थंडी आहे.

२ जानेवारी, सकाळ.
सर्जेरावशेजारी बसून चहा घेत होतो.  कप वाजत होता. मी तो दोन्ही हातांनी धरला, तरी वाजत राहिला. सर्जेरावनं मान वळवली, माझ्याकडे नाही, आवाजाकडे. बराच वेळ ऐकत राहिला.
मग म्हणाला, वयनी, दादाला कपबशी देत नका जाऊ. गिलासात द्या. बापूला देत होतो तसं. अर्धाच भरायचा, म्हंजी सांडत नाय.
सुरेखानं गिलास आणला. अर्धा.