खोडलेल्या नऊ ओळी

प्रिय निमिष,

निकालानंतर तुला नेऊन ठेवलं त्या इमिग्रेशनच्या कोठडीत रविवारी भेटायला आले तेव्हा काचेपलीकडे तू हसत होतास, आणि मी वीस मिनिटं मेथीच्या पराठ्यांबद्दल बोलत राहिले. जन्मभर पोरांना ‘धीटपणे बोला’ म्हणून दटावलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पराठ्यांआड लपले. म्हणून आता लिहिते आहे.

आधी इकडची खबर. चँडलरच्या आपल्या घरी ऊन मी म्हणतंय, पण तू लावलेला कढीलिंब तग धरून आहे. काका रोज त्याला पाणी घालतात आणि तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवतात. काल तुझी वकील इला येऊन गेली. न्यायाधीशांनी तुला या देशात आश्रय नाकारला, मायदेशी परत पाठवलं तर छळ होईल म्हणून मागितलेलं संरक्षणही नाकारलं. त्या दोन्हींवर वरच्या कोर्टात अर्ज गेला आहे. पण ते कोर्ट नवीन काही ऐकत नाही, जुन्या फाइलमध्ये आहे तेवढंच वाचतं.

वाळूचोरीची बातमी छापलीस म्हणून तिकडे पोलीस कोठडीत काढलेले ते तीन दिवस तू आमच्या डायनिंग टेबलावर बसून मराठीत लिहून काढलेस. चार पानं. कोर्टातल्या जबाबासाठी इंग्रजी करण्याआधी मी ती तपासली. नागपूरला अठ्ठावीस वर्षं निबंध तपासलेले, तांबडं पेन हातात आलं की थांबतंय कुठे! दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्याशी जे केलं त्या नऊ ओळी मी खोडल्या आणि वर लिहिलं, ‘अमानुष मारहाण केली’. वाटलं, असलं चारचौघांत कशाला वाचलं जावं? उद्या या मुलाचं लग्न व्हायचं आहे. टाइप केलेलं तू वाचलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि सही केलीस. काकूंना कसं विचारायचं, एवढंच तुझ्या मनात आलं असणार.

मग सुनावणीत तू ते सगळं सांगितलंस. न्यायाधीशांनी विचारलं, लेखी जबाबात हे का नाही? तू गप्प राहिलास. त्यांनी पुन्हा विचारलं. मी मागच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसले होते, आणि तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. निकालात आलं, हे नंतर रचलेलं आहे. मी तेव्हाच उठायला हवं होतं रे. घाबरले मी. त्या दिवशी घरी येताना गाडीत पाण्याची बाटली तूच मला उघडून दिलीस.

ती चार पानं मी टाकली नाहीत. तपासलेला कागद जपून ठेवायची माझी जुनी सवय. तुझं अक्षर, वर तारीख, माझी तांबडी रेघ, आणि रेघेखालचा शब्द न् शब्द वाचता येतो. इला म्हणते, माझ्या शपथपत्रासोबत ती पानं जोडून खटला पुन्हा उघडण्याची विनंती करता येईल. खात्री कसलीच नाही. शपथपत्र मी लिहून ठेवलं आहे, चूक माझी असं स्पष्ट. पण पानं दिली की त्या नऊ ओळी अनोळखी माणसं वाचतील, आणि फाइलमध्ये त्या कायमच्या राहतील. शुक्रवारी इला तुला भेटायला येईल, तिला हो की नाही ते सांग. तोवर पानं माझ्या कपाटात आहेत. तेव्हा तुला न विचारता खोडलं होतं. या वेळी विचारते आहे.

तुझीच,
शोभनाकाकू