नाथाच्या नावाची बुडी

मुक्काम ठाणे, पौष मास

तीर्थरूप मामांचे चरणी पंढरीनाथाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे सध्या सातच अंगांचा, आठवे मनाने). थंडीत आपला दमा कसा आहे? अडुळशाचा काढा मामींच्या देखत प्यावा, म्हणजे तो खिडकीबाहेर जाणार नाही. इकडे सर्व कुशल, असे लिहिण्याची चाल आहे म्हणून लिहितो.

खाडीकाठच्या पाद्रीसाहेबाला मी मराठी शिकवतो, हे आपणास ठाऊकच आहे (त्यावरून आपण वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता). सध्या आम्ही एका पत्राचे मराठी करतो आहोत. त्यांच्या पौल नावाच्या संताने करिंथ गावच्या मंडळीला ते फार जुन्या काळी लिहिले. साहेबाचा एकच हेका, "पंडितजी, ही पत्र आपल्याला नाही आली. दुसऱ्याची टपाल आपण वाचतो. करिंथच्या लोकांनी काय विचारला, ते आधी पाहा." (नपुंसकलिंगाशी साहेबाचे जन्माचे वाकडे आहे.) त्यात एक विलक्षण जागा आली. मेलेले पुन्हा उठत नाहीत असे म्हणणाऱ्यांना पौल विचारतो, मग तुमच्यातले काहीजण मेलेल्यांच्या वतीने बाप्तिस्मा (म्हणजे त्यांची दीक्षेची बुडी) का घेतात? साहेबाने डोके खाजवले. म्हणाला, त्या गावची काही चाल असेल. पौलाने तिला चांगले म्हटले नाही आणि वाईटही नाही. हे मी ओटीवर मोठ्याने वाचत होतो आणि शेजारी आवडाबाई तांदूळ निवडत होती. तिथेच घात झाला.

आवडाबाई ही साहेबाची स्वयंपाकीण, मिठागरावरची, नवी किरिस्ताव. तिचा नवरा नाथा याचाही बाप्तिस्मा ठरला होता. पण आदल्याच दिवशी होडी उलटून तो खाडीत बुडाला, प्रेतसुद्धा मिळाले नाही. तिने सूप खाली ठेवले. "सायेब, मंग माझे नाथासाठी मी घेईन की." साहेब म्हणाला, नाही, ते त्यांच्या गावी, त्यांच्या काळी. "त्यांचे गावची मेलेली मानसं मानसं, नि आमची?" साहेब उठून कोश घेऊन आला. त्या जाडजूड ग्रीक कोशात याचे उत्तर नव्हते (आम्ही पाहिले).

दुपारी भरती लागली तशी ती उठली आणि सरळ खाडीच्या पायऱ्यांकडे निघाली. बाई जीव देते की काय, म्हणून मी लंगडत मागे धावलो आणि कमरेएवढ्या पाण्यात तिचा पदर धरून उभा राहिलो. "पंडित, ते बुडीचे शब्द बोल," ती म्हणाली. मामा, लख्ख ऊन होते, काठावर चिटपाखरू नव्हते. मी बोललो (हे घरी कोणास सांगू नये). नाथाचे नाव घेतले. ती बुडाली, आणि माझ्या हातातला पदर एकाएकी जड झाला, दोघांनी धरल्यासारखा. ती वर आली, तेव्हा पलीकडे पाणी आणखी एकदा फुटले, माणूस दम टाकतो तशा आवाजाने. तिथे कोणी नव्हते. आवडाबाई मागे न बघता पायऱ्या चढली. दगडांवर तिची ओली पावले उमटत गेली आणि त्यांच्या शेजारून दुसरी, मोठी, पुरुषाची. प्रार्थनामंदिराच्या दारात साहेब उभा होता. तो बाजूला सरला, कुणाला वाट द्यावी तसा.

आवडाबाई आता भाकऱ्या थापताना गुणगुणते. साहेबाने त्या ओळीची जागा कोरी सोडली आहे. "करिंथचे लोक काय पाहिले, आता समजते," एवढेच म्हणाला. मी व्याकरण सुधारले नाही. आणि कोपरपासून कल्याणपर्यंतच्या बाया माझ्या दाराशी येऊन बसतात, आपापल्या बुडालेल्यांची नावे घेऊन.

वडील मंडळींस नमस्कार. मुलांना नदीवर एकटे सोडू नये.

आपला भाचा,
पंढरीनाथ

ता. क. पत्राचे खरे कारण असे की, मला भीती वाटते. आपल्या ओळखीने देशावर शाळेत एखादी जागा पाहावी. गावाला नदी नसावी, तळे नसावे; विहीर असल्यास खोल असावी.

आणखी ता. क. वरची जागा तूर्त पाहू नये. आज आवडाबाईने विचारले, "तुझा कोन हाय पान्यात?" मामा, माझी धाकटी बहीण बारशाआधीच गेली आणि टिटवाळ्याला आपणच तिला काळू नदीत सोडलेत. ते पाणी याच खाडीला येते. आईने तिचे काही नाव मनात धरले होते का? आपणास सांगितले असेल तर उलट टपाली कळवावे, कारण नावावाचून हाक मारता येत नाही. काल पायरीवर बसून पाण्यात हात घातला, तर कोणीतरी माझे बोट मुठीत धरले. मूठ फार लहान होती.