दहा लाख नऊ

ग्रां बुआ, रविवार, ११ सप्टेंबर १९६६

बाबा, तेरा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. लिहायला बसलो की आधी १०,००,००९ हाच आकडा कागदावर यायचा आणि मी कागद फाडायचो.

तुम्ही उसाच्या मळ्यावर सरदार, म्हणजे मजुरांचे मुकादम. आठवडाभर त्यांच्यावर ओरडायचात आणि रविवारी दुपारी हा आकडा घेऊन बसायचात. हजाराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग. ‘याला कोणी भागू शकत नाही,’ म्हणायचात. ते सिद्ध करायला हजाराच्या आतल्या एकूणएक मूळ संख्येने भागून पाहायचे होते. एकशे अडुसष्ट भागाकार, दर रविवारी एक; काही तुम्ही करायचे, काही मी, दहा वर्षांचा. मग अंकांची बेरीज करून, नऊ टाकत तुम्ही पडताळा घ्यायचात. जुळला नाही की पट्टी माझ्या बोटांच्या पेरांवर. ‘गाढवा, मळ्यावर बैल म्हणूनही तुला कोणी ठेवणार नाही.’ जुळला तर पान उलटायचात, एवढेच.

त्रेपन्न साली मी हिंदुस्थानातून पदवी घेऊन बेटावर परत आलो. गणपतीला घर भरलेले आहे, तुम्ही पाहुण्यांना त्या भागाकारांच्या वह्या दाखवताय. मी म्हणतो, ‘बाबा, दोनशे पस्तीस आणि नऊशे बहात्तर, यांच्या वर्गांची बेरीज करा.’ तुम्ही करता. दहा लाख नऊ. ‘एक संख्या दोन वर्गांत दोन रीतींनी मांडता आली, की ती फुटतेच. २९३ ने भागा, ३४१३ येतात.’

शेजारचे काका आधी हसले. ‘आयो, दादा! नारळ राहिला बाजूला, पोरानं तुझा आकडाच फोडला!’ मग सगळे हसले. मीही. तुम्ही २९३ चे पान काढलेत, बराच वेळ पाहिलेत, वही मिटलीत. ‘चुकलं माझं,’ म्हणालात. त्याच डिसेंबरात जग सोडून गेलात.

मला ते वर्षभर आधी कळले होते. पत्रातून कळवता आले असते. मी घर भरायची वाट पाहिली.

काल चतुर्थीसाठी आवराआवर करताना तुमची पेटी उघडली. २९३ च्या पानावरचे अक्षर माझे आहे. शेवटी ८७ च्या पुढे नऊ उतरवायचा, तो मी मध्ये घातला. ८७९ चे ८९७ झाले आणि शून्याऐवजी अठरा बाकी उरली. अंक तेच, म्हणून पडताळा जुळला, पट्टी बसली नाही. वही नुसती पाहुण्यांकडे फिरवली असती तरी पुरे होते, चूक कोणाची ते सगळ्यांना दिसले असते. का नाही फिरवलीत? मला वाचवलेत, की कधीतरी एकट्याने हे पान उघडावे म्हणून ठेवून दिलेत? तुमचा पट्टीचा हात आठवतो, तेव्हा दुसरे खरे वाटते. तसे वाटून घेणे मला सोयीचे आहे, मग तुमचे देणे उरत नाही, हेही कळते.

हे पत्र वहीतच राहील. अक्षर ओळखल्यावर मी आधी मागे वळून पाहिले, माझी मुलगी दारात नाही ना. मग पान फाडायला धरले. कोपरा फाटला आहे. त्याच सकाळी भागाकार चुकला म्हणून तिला मी पाहुण्यांदेखत ‘गाढव’ म्हणालो होतो.

उद्या: २९३ चे पान मुलीपुढे ठेवून तिला चूक शोधायला सांगणे.