टेबल क्रमांक एकवीसवरील अकरा सेकंदांबाबत

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी,
धाराशिव.

अर्जदार : गुरुप्रसाद वामनराव अणदूरकर, वय ४६, व्यवसाय शिक्षक, मूळ रा. तुळजापूर, हल्ली मुक्काम कळंब.

विषय : आंतरराष्ट्रीय अतिजलद बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेतील तक्रार वहीचे कोरे पान भरून घेणेबाबत, तसेच २६ जानेवारीच्या सत्कारातून अर्जदाराचे नाव वगळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. २२/१२/२०२५.
२) त्यावरील आपले उत्तर, दि. ३१/१२/२०२५.
३) आपले अभिनंदनाचे पत्र, दि. १२/०१/२०२६.

महोदय,

१. अर्जदाराला काय मिळणार होते ते आधी मांडलेले बरे, म्हणजे पुढचे सारे आपोआप उलगडत जाईल. १२ ते १४ डिसेंबर या काळात धाराशिव येथील एका मंगल कार्यालयात वरील स्पर्धा झाली. या प्रकारात प्रत्येक खेळाडूला अख्ख्या डावासाठी तीन मिनिटे मिळतात आणि दर चालीमागे दोन सेकंद वाढतात. अर्जदाराकडे टेबल क्रमांक १७ ते २४ चे पंचपद होते. मुख्य पंच श्री. महांतप्पा यांनी पहिल्याच सकाळी सर्व पंचांना गोळा करून सांगितले, "ज्याची तक्रार वही शेवटपर्यंत कोरी, त्याचं नाव मी वरिष्ठ पंचांच्या यादीत धाडणार. वही कोरी ठेवा, बाकीचं मी बघतो." अर्जदार गेली अकरा वर्षे तालुक्याच्या मैदानावर शिट्ट्या फुंकत आहे. वरिष्ठ पंच झाल्यास निळा कोट, छातीवर बिल्ला, परराज्यातील स्पर्धांचे बोलावणे, आणि मुख्याध्यापकांनी "या अणदूरकर" म्हणताना खुर्चीतून इंचभर तरी उठणे, एवढे पदरात पडणार होते. शेवटची बाब कोणत्याही परिपत्रकात नाही, परंतु अर्जदाराने तीच सर्वांत आधी जमेस धरली होती.

२. या स्पर्धेत जिल्ह्यातील दहा खेळाडूंना थेट प्रवेश होता. त्यांपैकी एक श्री. बब्रुवान ज्ञानोबा हुंबे, वय ६३, धंदा शेती, रा. ईट, ता. भूम. यांनी आयुष्यात वेळ मोजणाऱ्या घड्याळावर एकही डाव खेळलेला नव्हता. परंतु ईटच्या पारावर जो विचार करत बसतो त्याला बाकीचे उठवून लावतात, अशा शिस्तीत चाळीस वर्षे काढल्यामुळे त्यांचा हात विजेसारखा चालतो. पहिल्या दिवशी ते घड्याळाचे बटण देवळातल्या घंटेवर हात मारावा तसे मारत होते. त्यांना समज देण्यात आली, तेव्हा ते म्हणाले, "दाबा म्हणलाव, दाबलं. आता हळू दाबा म्हणताव. एकदाच काय ते ठरवा की सर."

३. खेळाडूंच्या सभेत नियम इंग्रजीतून वाचले गेले. स्थानिक खेळाडूंना ते मराठीतून समजावून देण्याचे काम अर्जदाराकडे होते. त्यास पंधरा मिनिटे दिलेली होती. अर्जदाराने ते चार मिनिटांत उरकले, कारण बाहेर चहा निवत होता. शेवटी श्री. हुंबे यांनी हात वर करून विचारले, "सर, आमच्या पारावरल्या खेळातलं समदं हितं चालतंय नव्हं?" अर्जदार कपाकडे पाहत म्हणाला, "चालतंय, चालतंय. तुम्ही फक्त घड्याळ दाबायला विसरू नका."

४. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडच्या जुन्या खेळात राजाला, तोवर शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी उडी नाही. तेथे राजा एकेक घरच चालतो. अर्जदाराला ही उडी माहीत नव्हती असे कोणी म्हणेल, तर ते अर्जदारास मान्य नाही. तुळजापुरात लहानपणी अर्जदार याच उडीवर आपल्या तात्यांकडून कित्येक डाव हरलेला आहे.

५. दि. १४ रोजी दुपारी नववी, म्हणजे शेवटची फेरी सुरू झाली. टेबल क्रमांक २१ वर श्री. हुंबे यांच्यासमोर कझाकस्तानहून आलेली ऐगेरिम नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. ती जिंकली असती तर महिलांच्या पहिल्या आठ जणींत आली असती. ही गोष्ट तिला माहीत होती, अर्जदारालाही माहीत होती. श्री. हुंबे यांना माहीत नव्हती. त्यांना साडेचारची भूमची एसटी तेवढी माहीत होती. डाव ऐन रंगात असताना त्या मुलीने हत्ती असा आणून ठेवला की पुढच्या चालीला मात अटळ. श्री. हुंबे यांनी टोपी सारखी केली, राजा उचलला, अडीच घरे उडवून प्याद्यांच्या पलीकडे ठेवला आणि घड्याळ, या वेळी अगदी हळू, दाबले.

६. मुलीचा हात हवेत थांबला. तिने मान वर करून अर्जदाराकडे पाहिले आणि एक बोट घड्याळ थांबवण्याच्या बटणाकडे नेले. नियम असा की पंचाने तत्काळ घड्याळ थांबवावे, राजा जागेवर ठेवावा, मुलीला एक मिनिट वाढवून द्यावे आणि घटनेची नोंद वहीत करावी. वही अर्जदाराच्या काखेत होती. आठ फेऱ्या ती कोरी होती. अर्जदाराने भुवया उंचावून बोटाने पटाकडे खूण केली, की खेळ. अर्जदार तिच्या तोंडाकडे पाहायचे टाळून घड्याळाकडे पाहत होता, म्हणून आकडा पक्का आहे: सतरावरून सहा. तेवढ्यात अकरा सेकंद गेले. मग तिने चाल केली, आणि एकदा तिने चाल केली की नियमाने आधीची चूकही पक्की होते. नऊ चालींनंतर तिची वेळ संपली.

७. हस्तांदोलनानंतर ती अर्जदाराजवळ आली. राजाकडे बोट दाखवून तिने विचारले, "किंग... ओके?" अर्जदार म्हणाला, "ओके, ओके." वर हसला. वर्गात उत्तर येत नसले की शिक्षक जे हसतो, त्यातले ते हसू होते. तिने स्वतःच्या डोळ्यांवर दोन बोटे टेकवली, मान हलवली आणि निघून गेली. संध्याकाळी जेवणाच्या पंगती उठल्यावरही ती कोपऱ्यात पट मांडून तीच स्थिती पुनःपुन्हा लावत बसली होती. अर्जदार तिकडून दोनदा गेला. दुसऱ्यांदा हातात जिलबी होती.

८. निघताना तिने अभिप्राय वहीत इंग्रजीत लिहिले, त्याचा अर्थ असा: "शेवटच्या डावात मला नसलेली चूक दिसली. माझ्या नजरेवर आता माझा भरवसा नाही, काही दिवस खेळणार नाही. या टेबलांचे पंच फार दयाळू होते." सदर पानाची प्रत सोबत जोडली आहे. अर्जदाराने ती खिशात बाळगून पाहिली, कपाटात ठेवून पाहिली. कोठेही ठेवली तरी ती वाचता येते.

९. कोणी म्हणेल, पंचाने म्हाताऱ्या माणसाचा मान राखला, जिल्ह्याची लाज राखली. अर्जदारानेही पहिला आठवडा स्वतःला हेच सांगितले आणि त्यावर त्याला बऱ्यापैकी झोप लागली. परंतु ही कारणे सोमवारी सुचलेली आहेत. रविवारी, त्या अकरा सेकंदांत, अर्जदाराच्या डोळ्यांसमोर ना म्हातारा होता ना जिल्हा. एक कोरे पान होते.

१०. म्हणून दि. २२ रोजी पहिला अर्ज दिला. त्यास उत्तर आले की, तक्रार फक्त बाधित खेळाडूच करू शकतो, तीही डाव संपल्यापासून अर्ध्या तासात; पंचाने स्वतःविरुद्ध तक्रार करण्याची तरतूद नाही. अर्जदार समक्ष भेटला, तेव्हा आपल्या कार्यालयातील श्री. भागवत यांनी खुर्ची देऊन समजूत घातली, "सर, कशाला उगं स्वतःच्या पायावर दगड पाडून घेताय? ती पोरगी तिकडं, म्हातारा तिकडं. कुणी ओरडलंय का? मग तुम्हीच का ओरडताय?" श्री. भागवत यांचा हेतू चांगला होता. नेमके हेच अर्जदार तीन आठवडे स्वतःला सांगत आला होता, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते फार वाईट ऐकू आले.

११. त्यानंतर अर्जदार रविवार, दि. ४ जानेवारी रोजी ईट येथे गेला. श्री. हुंबे यांना 'जिल्ह्यातील उत्कृष्ट खेळाडू' म्हणून ढाल मिळाली होती. ती दारासमोरच्या कोनाड्यात हळदकुंकू लावून ठेवलेली होती. अर्जदाराने सर्व हकीकत सांगितली. त्यांनी एकदा कोनाड्यातल्या ढालीकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हंजी ती उडी तिथं न्हाय?"

"नाही."

"मग म्या इचारलं व्हतं की सर. समद्यांदेखत इचारलं. तुमी चालतंय म्हणलाव. उडी मारली तवाबी तुमी बघत व्हताव."

"होय."

"त्या लेकराला वाटलं आसंल, म्हाताऱ्यानं फसवलं."

"नाही. तिला वाटलं तिचेच डोळे चुकले."

यावर त्यांच्या पत्नी सौ. म्हाळसाबाई, ज्या आतापर्यंत चुलीपाशी शेंगदाणे भाजत होत्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमी शाळंत पोरांच्या चुका काडताव म्हणं. लाल शाईनं. मग ही कुणी काडायची?" त्यांनी अर्जदारास चहा दिला. चहा दिला नसता तर बरे झाले असते.

१२. दुसऱ्या दिवशी श्री. हुंबे यांनी ढाल पोत्यात बांधली, एसटीने धाराशिव गाठले आणि आपल्या कार्यालयात ती परत देऊ केली. दिलेले बक्षीस परत आवक करून घेण्याचे रजिस्टर नसल्याने ती घेतली गेली नाही. त्यांनी ती परतताना कळंबला अर्जदाराच्या घरी ठेवली. "हिचं काय करायचं ते तुमीच करा, तुमची हाय ही," एवढेच बोलले आणि पाणीही न घेता गेले. तेव्हापासून ते पारावर खेळत नाहीत असे कळते. गावातली मंडळी मोटरसायकलवरून जाता जाता, "काय बब्रुवानतात्या, उडी मारताव का?" म्हणून हाळी देतात. हाळी देणाऱ्यांना ही उडी त्यांनीच शिकवलेली आहे.

१३. आणि आता आपले संदर्भ क्र. ३ चे पत्र. त्यात असे म्हटले आहे की, नऊही फेऱ्यांत एकही तक्रार न आलेली वही एकट्या अर्जदाराची असल्याने, परदेशी खेळाडूनेही लेखी प्रशंसा केल्याने, आणि स्वतःच्या कामाची तपासणी स्वतःहून मागण्याचा प्रामाणिकपणा दाखवल्याने, 'आदर्श पंच' म्हणून प्रजासत्ताक दिनी त्याचा सत्कार करण्यात येईल. महोदय, अर्जदाराने हे पत्र चारदा वाचले. गुन्हा, त्याचा पुरावा आणि त्याचा कबुलीजबाब, अशा तिन्ही गोष्टींचे त्यात अभिनंदन आहे. मुख्याध्यापकांना पत्राची प्रत आली, तेव्हा ते खुर्चीतून उठले. इंचभर नव्हे, पूर्ण उठले.

१४. निकाल बदलावा अशी अर्जदाराची मागणी नाही. नियमाने तो बदलत नाही, हे अर्जदारास ठाऊक आहे. त्या नियमांच्या आडोशालाच तो इतके दिवस सुखरूप बसला आहे. तरी विनंती की,

(अ) टेबल क्र. १७ ते २४ च्या तक्रार वहीचे कोरे पान उघडून त्यावर अर्जदाराविरुद्धची नोंद लाल शाईने घ्यावी. ती लिहायला अर्जदार हजर राहील, पेन स्वतःचा आणील.

(आ) सत्काराच्या यादीतून आणि वरिष्ठ पंचांच्या यादीतून त्याचे नाव कमी करावे.

(इ) श्री. बब्रुवान हुंबे यांची चाल पंचाच्या चुकीच्या सांगण्यावरून झाली, त्यांची त्यात काही लबाडी नव्हती, असे पत्र कार्यालयाच्या शिक्क्यानिशी ईटच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. फलक पारासमोरच आहे.

(ई) असेच पत्र ऐगेरिम हिला पाठवावे. अर्जदाराने स्वतःचे पत्र तिला आज सकाळीच ईमेलने पाठवले आहे, आपल्या उत्तराची वाट पाहिलेली नाही. त्याचे चार मसुदे झाले. पहिल्यात दोष भाषेचा होता, दुसऱ्यात गर्दीचा, तिसऱ्यात वेळेचा. चौथा तीन वाक्यांचा आहे: तुमचे डोळे बरोबर होते. मी पाहिले होते. मी खोटे बोललो.

कोरे पान भरले जाईपर्यंत आपल्या दारी येत राहणारा,

(सही)
गुरुप्रसाद वामनराव अणदूरकर
कळंब, दि. १९/०१/२०२६

सोबत : १) तक्रार वहीच्या कोऱ्या पानाची छायाप्रत. २) अभिप्राय वहीतील पानाची प्रत. ३) ढाल, पोत्यासह (कृपया रजिस्टर उघडून आवक करून घ्यावी). ४) खालील गोषवारा.

गोषवारा : कोणी काय भरले

ऐगेरिम : हक्काचे एक मिनिट मिळाले नाही, पदरचे अकरा सेकंद गेले. पहिल्या आठातली जागा. स्वतःच्या नजरेवरचा भरवसा.

बब्रुवान ज्ञानोबा हुंबे : ढाल. पारावरची चाळीस वर्षांची बैठक.

अर्जदार : आजअखेर निरंक. हा रकाना भरून घ्यावा.