वहिनीने तेल बदललं

गुरुवार, २२ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. तुमचं जहाज वादळातून सुखरूप बाहेर पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. नवा स्वयंपाकी प्रत्येक पदार्थात दोनदा मीठ घालतो म्हणता, तर त्याने एकदा घातलं की मिठाचा डबा पळवून इंजिनरूममध्ये नेऊन ठेवा. तिथे तुमचंच राज्य ना?

इकडे सगळं ठीक. समोरच्यांनी घराला असा रंग दिलाय की दिवे गेले तरी घर दिसतं. माझं शिवणकाम जोरात आहे. शाळेचे गणवेश संपले, आता पडद्यांचं मोठं काम आलंय. तुमच्या खोलीत पडद्यांच्या कापडाचे तागे रचून ठेवलेत, तेव्हा अचानक येऊन दार उघडू नका, अंगावर येतील.

आणि आता मोठी बातमी. रविवारी मी आपल्या गाडीचं इंजिन ऑइल बदललं. हो, मी! आजवर माझा तेलाशी संबंध शिलाई मशीनपुरता, थेंब टाकला आणि पुसून घेतला. हसून घ्या पोटभर. तुमच्या इंजिनात माणूस शिडी लावून उतरतो म्हणे, तुम्हाला आमच्या एवढ्याशा गाडीचं काय कौतुक. पण मला झालंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिणार आहे.

तुम्ही लगेच विचाराल, दादा कुठे होते? तिथेच होते, शेडच्या दारात, खुर्चीवर. मध्यंतरी त्यांना बरं नव्हतं, वाकता येत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

झालं असं की गाडी बरेच महिने नुसती उभी होती. मला चालवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नानंतर दादा शिकवायला बसले होते, आणि पहिल्याच वळणावर आमचं असं वाजलं की मी दार उघडून चालत घरी आले. तर उभ्या गाडीवर धूळ बसलेली बघवेना, म्हणून मी ती विकायचं ठरवलं. कोपऱ्यावरचे औषधांचे दुकानदार बघायला येतो म्हणाले. भला माणूस आहे, गाडी नीट ठेवील. शनिवारी दादांना हे सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जेवायलाही उठले नाहीत.

रविवारी सकाळी मी पडद्याचं माप घेत होते, तेवढ्यात शेडमधून पत्रा फरफटल्याचा आवाज आला. धावत गेले. दादा काठी काखेत धरून, डाव्या हाताने जुनं तेल काढायचा तो पत्र्याचा ट्रे ओढत होते. तोल जात होता, पण सोडायला तयार नाहीत.

मी म्हटलं, "अहो, विकायचीच आहे ना? मग तेल कशाला बदलायचं? घेणारा बघून घेईल."

त्यांनी ट्रे माझ्या पायाशी ढकलला. मग फळीवरच्या पान्यांकडे काठी दाखवली. मग माझ्याकडे.

दादांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगू. कुणाला छत्री परत द्यायची तरी वाळवून, घडी घालून देणार. मला वाटलं, गाडीसुद्धा तशीच साफसूफ करून द्यायची असेल. तेल आणि फिल्टर गेल्या वर्षीच आणून फळीवर ठेवलेले होते. बॅटरी तेवढी मी आदल्या दिवशी चार्ज करून आणली होती, घेणाऱ्याला इंजिन तरी ऐकवायला नको का? म्हटलं चला, होऊन जाऊ दे. जुना गाऊन चढवला, केस फडक्यात बांधले.

आधी किल्ली फिरवून इंजिन थोडा वेळ चालवलं, म्हणजे तेल पातळ होतं. मग मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि जॅकने पुढची बाजू उचलली. मी लगेच खाली शिरायला निघाले, तर काठी अशी आपटली की मी जागच्या जागी बसले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, खाली लोखंडी स्टँड लावायचे. लावले. दादांनी काठीने गाडी ढकलून बघितली, स्वतःचं समाधान केलं, आणि मगच मला खाली जायची परवानगी मिळाली.

आता इथे थांबून ते 'पुढे' लिहायला हवं, भावजी. नाहीतर यानंतर काय झालं ते तुम्हाला कळायचं नाही.

उन्हाळ्यात तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये शिकवता शिकवता दादांच्या हातातून खडू पडला. तो उचलायला वाकले, ते तिथेच कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आलाय, काठी घेऊन घरात, अंगणात फिरतात. हात अजून नाही. आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. डोळ्यांत उत्तर दिसतं, ओठ हलतात, आणि शब्द मात्र येत नाही. लेथ यंत्राचा खडखडाट चालू असताना ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्या माणसाला पाणी मागता येईना.

तुम्हाला कळवू नये ही त्यांचीच इच्छा. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट दाखवून त्यांनी इतक्या वेळा मान हलवली की शेवटी मी कबूल झाले. तुम्ही सगळं सोडून धावत याल, आणि येऊन त्यांच्यासमोर बसाल, आणि त्यांना तुमच्याशी एक शब्द बोलता येणार नाही. त्याची त्यांना भीती होती. म्हणून माझ्या पत्रांत 'दादा कामात आहेत' असायचं. खोटं नव्हतं ते अगदी. काम चालूच होतं. आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणाऱ्या बाई येतात. कपाचं, किल्लीचं, मांजराचं चित्र दाखवतात. दादा चित्राकडे बघून घामाघूम होतात, आणि मांजर बिनानावाचं राहतं.

आणि माझं काय झालं होतं सांगू? आधी मी दोघांचं बोलायचे. मीच विचारायचं, मीच उत्तर द्यायचं. पुढे पुढे विचारणं कमी झालं. मशीन थांबवलं की घरात दुसरा आवाज नसायचा, म्हणून मी मशीन थांबवतच नव्हते. पडद्यांचं काम उगीच नाही घेतलं.

तर मी गाडीखाली. पाठीला गार फरशी, नाकासमोर इंजिनाचं पोट. ट्रे सरकवला, तेलाचा बोल्ट सापडला, पाना बसला. जोर लावला. हलेना. दोन्ही हातांनी लावला. हलेना. पाय चाकाला टेकवून सगळा जीव लावला.

"उलटं!"

मी म्हटलं, "उलटं कसं? सोडायचं ते डावीकडे, असं तुम्हीच म्हणता ना? माझी डावी बाजू हीच आहे!"

"उलटं! उलटं!"

"अहो, मग तुम्हीच या इथे आणि झोपा! मला इथे हात हलवायला जागा नाही, आणि तुम्ही आपले खुर्चीवर बसून..."

आणि मग भावजी, माझा पाना थांबला. मी कुणाशी भांडतेय?

खालून मला दादांच्या चपला आणि काठीचं टोक एवढंच दिसत होतं. मला वाटलं धावत बाहेर जावं. पण गेले नाही. म्हटलं, मी बाहेर आले, तोंडाकडे टक लावून बघितलं, की चित्रातल्या मांजरासारखं होईल. शब्द पळून जाईल. म्हणून तिथेच पडून राहिले आणि नेहमीच्या वैतागलेल्या आवाजात म्हटलं, "बरं बाई, करते उलटं. उलटं तर उलटं."

दुसऱ्या बाजूला पाना फिरवला आणि बोल्ट चटकन सुटला. मी आतापर्यंत तो आवळत होते! बोल्टमागून काळंभोर, कोमट तेल, मनगटावरून थेट कोपरापर्यंत. थोडं गालावरही. मी मोठ्याने ओरडले, आणि ओरडता ओरडता रडून घेतलं. तेलाने माखलेल्या बाईच्या रडण्याचा कुणी हिशेब मागत नाही.

बाहेर आले तेव्हा दादा माझ्याकडे बघत होते. मीही बघितलं. मी हात पुसले आणि विचारलं, "आता फिल्टर?" त्यांनी मान डोलावली.

फिल्टर घट्ट बसला होता. हात तेलकट, पकड येईना. मग मी माझीच युक्ती काढली, पॉलिशपेपरची पट्टी त्याच्याभोवती गुंडाळली आणि पिळला. निघाला! दादांच्या भुवया वर गेल्या, म्हणजे त्यांना पसंत पडलं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावून तो बसवला. बोल्ट परत लावताना मात्र मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आटा नीट बसतोय की तिरका जातोय हे बोटांना कळतं, शिलाई मशीनची बॉबिन केस बसवताना कळतं तसंच. दादांनी काठीसुद्धा हलवली नाही.

गाडी खाली घेतली, वरून नरसाळं लावलं, तेलाचा डबा उचलला. तेवढ्यात मागून आवाज आला, "दूध."

मी वळून बघितलं.

"दूध... दूध ओत." चेहऱ्यावरून कळत होतं की शब्द चुकलाय हे त्यांना कळलंय. कपाळावर आठ्या, डोळे मिटलेले, शोधतायत. सापडेना. मला भीती वाटली की आता चिडतील, काठी फेकतील, पूर्वी फेकली होती तशी.

मी म्हटलं, "ओतते. साय काढून ओतू की तसंच?"

आणि मग दादा हसले. तोंडाची एक बाजू अजून नीट हलत नाही, तरी हसले, खांदे हलेपर्यंत हसले. मला हसू आवरेना, डबा खाली ठेवावा लागला. समोरच्या रंगीत घरातून बाई बघायला बाहेर आल्या. त्यांना काय सांगणार, इंजिनात दूध घालतोय म्हणून?

तेल घातलं, कांडी पुसून पातळी बघितली, इंजिन चालू केलं. तेलाचा लाल दिवा लागला आणि विझला. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, थेंबही नाही. दादा बॉनेटवर डावा हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते, आजाऱ्याचा ताप बघावा तसे.

सोमवारी संध्याकाळी औषधवाले आले. दार उघडून बघितलं, इंजिन ऐकलं, खूश झाले. "वहिनी, एकदम मलईसारखं चाललंय. कुठल्या गॅरेजला दिली होती?"

"घरच्या," मी म्हटलं.

"मग मी घेतोच."

तेवढ्यात दादा खुर्चीवरून उठले. "ना..." थांबले. श्वास घेतला. "नाही."

मी म्हटलं, "अहो, नाही काय? चालवणार कोण?"

त्यांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली. "तू."

बघा म्हणजे! एवढ्या महिन्यांनी नवऱ्याला शब्द फुटले, आणि तेही हुकमाचे.

औषधवाले बिचारे जोरात हसले. म्हणाले, "मग वहिनी, निदान बाजारापर्यंत लिफ्ट तरी देत जा." मी हो म्हटलं आहे. मी शिकेपर्यंत त्यांचा उत्साह टिकला म्हणजे मिळवली. मंगळवारपासून मी मोटर ड्रायव्हिंगच्या शाळेत जाते. शिकवणारे गृहस्थ माझ्या शेजारी दाराचं हँडल धरून बसतात. घरी आले की दादा दारातच असतात, "चुकलं?" हा नवा शब्द घेऊन. मी काय काय चुकलं ते सांगते, आणि ते ऐकताना ते फार सुखी दिसतात.

तुम्ही उगाच मोठी आशा धरू नये म्हणून हेही लिहिते. डॉक्टर म्हणतात, किती बोलणं परत येईल ते सांगता येत नाही. काही शब्द कधीच येणार नाहीत. उजव्या हाताचं तर ते नावच काढत नाहीत. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी मात्र चित्रं बाजूला ठेवलीत. आता त्या दादांच्या पान्यांची पेटी टेबलावर उघडतात आणि मुद्दाम चुकीची नावं घेतात. दादांना ते सहन होत नाही, आणि त्या रागात एखादा शब्द निसटतो.

तुम्ही जहाज अर्ध्यावर सोडून येऊ नका. करार संपला की या. आता दादांचीही हरकत नाही, मी त्यांना विचारलं. तुमच्या फोटोकडे बघून ते "ये" म्हणाले. 'ये' की 'हे', यावर मी वाद घातला नाही. पण आलात की एक करा. दादा बोलताना अडकले तर त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तुम्हाला शब्द माहीत असेल, जिभेवर येईल, तरी थांबा. चुकीचा शब्द आला तर येऊ द्या. चेहऱ्यावर दया नको, घड्याळाकडे बघणं नको. माझ्याशी भांडता तसं त्यांच्याशी भांडा. वेळ लागतो, पण तुमचा दादा पोहोचतो, भावजी.

हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. रडण्याची ओळ गाळायला सांगतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पेन मागितलं. डाव्या हाताने सही करायची म्हणतात. पहिलं अक्षर चाललंय, मला मदत करू देत नाहीत. खालची अर्धी बाजू मी त्यांच्यासाठी मोकळी सोडते. आज झालं नाही तर उद्या होईल, तोवर पाकीट चिकटवणार नाही.

वाट बघणारी,
तुमची वहिनी

आणि