सहीच्या वरची कोरी जागा

वाकोला, मंगळवार, १७ जानेवारी १९८४

डोकं ठिकाणावर नाही. आज वॉर्ड ऑफिसात आमच्या नागरिक सल्लागार समितीची मीटिंग होती. दारातच शिपायाने रजिस्टर पुढे केलं, "मॅडम, हजेरी." मी सही ठोकली. सहीच्या वर अर्धं पान कोरं होतं. ते नेहमीच असतं.

विषय आमच्या चाळीसमोरच्या नळाचा. रस्ता रुंद करायचा म्हणून नळ नाल्यापलीकडे हलवणार. मी उभी राहून चांगलं सुनावलं. साहेब मान डोलवत होते, मग चहा आला. मला वाटलं, जिंकले! निघताना सहज रजिस्टर उघडलं, तर त्या कोऱ्या जागेत कारकुनाने लिहून ठेवलेलं: नळ हलवण्यास सर्व सदस्यांची संमती. खाली पहिली सही माझी.

"अहो, मी तर विरोध केला!"

"पण सही तुमचीच ना, मॅडम?" कारकून हसत म्हणाला. मला त्याचं हसणं नाही, ते "ना" झोंबलं.

घरी आले तर शेजारच्या काकी हंडा घेऊन दारात उभ्या. गुडघ्यांनी बेजार, नाला कसा ओलांडणार? "नळाचा काय झाला गो?"

"बोलले मी, काकी." खोटं नव्हतं. मग त्यांच्याकडे बघवत का नव्हतं?

"तू आसस म्हणान माका घोर नाय," म्हणत त्या पाणी भरायला गेल्या.

उद्या जाऊन भांडेन, लेखी विरोध देईन. पण ती कोरी जागा डोळ्यांपुढून हलत नाही. तीन वर्षं मी तिच्याखाली सही करतेय. वर काय लिहिलं गेलं, एकदाही वाचलं नाही.