वीजराणी आणि लोहगेंड्याची भेट

कुंदन बाबू,

तू फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात गेलास आणि तुझा फोन लागून नाही राहिला, म्हणून लिहून ठेवते. खुशीचं ऑपरेशन आजच दुपारी तीनला ठरलं. तुझी आई तिच्यापाशी एकटीच आहे, म्हणून मी आठच्या गाडीनं अकोल्याले दवाखान्यात चालली.

परवा दवाखान्यात तू खुशीले, आपल्या बहिणीले, म्हणालास, "वीजराणी आन् लोहगेंडा वेगवेगळ्या कंपनीच्या कॉमिक्सच्या पुस्तकातले, ते कसे एकत्र येतीन?" तेव्हापासून पोरगी भिंतीकडे तोंड करून आहे. अरे, आमचे कीर्तनकार बुवा एका युगाचा वीर दुसऱ्या युगाच्या रथावर बसवतात, तिथं कोणी कंपनी विचारते का?

काल तिच्याजवळ बसून मीच गोष्टीत त्या दोघांची गाठ घालून दिली, पण फसली. दोघांले एकमेकांच्या पाया पडायले लावलं, आरती म्हणवली आणि राक्षसाले पश्चात्ताप झाला म्हणून त्याच्याही गळ्यात माळ घातली. खुशी म्हणे, "आजी, मारामारी कुठी गेली? दादालेच बोलाव."

तर भाकर खाऊन अकराच्या गाडीनं ये. तिची चित्रांची वही आण. ऑपरेशनच्या आधी तिच्याजवळ बस आणि चांगली जंगी लढाई लाव. पण गोष्ट पुरी करू नको, राजा. ऐन हातघाईवर थांबव आणि "बाकीची शुद्धीवर आल्यावर," असं म्हण.

डॉक्टर काय म्हणाले ते माझ्यानं लिहवत नाही. विठ्ठल आहेच, पण तिलेही माघारी यायची ओढ पाहिजे.

आजी